सुखदेवभाऊंच्या बॅटरीला ताप

सुखदेवभाऊंनी माझा थर्मामीटर बॅटरीच्या काखेत लावला, तेव्हा मला त्या गावात नर्स म्हणून येऊन जेमतेम महिना झाला होता.

बॅटरीला काख असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सकाळी सकाळी हा उंच, वाळका माणूस दारात उभा. "बाई, ताप पाहाची कांडी द्या."

"कोणाला ताप आहे?"

"घरीच हाय. लई फणफणली हाय."

बायको असेल म्हणून मी पिशवी उचलली आणि मागोमाग गेले. शेजारचंच घर. आत बाजेवर घडी घातलेली चादर, चादरीवर मोटारसायकलची काळी बॅटरी आणि तिच्या डोक्यावर ओल्या फडक्याची पट्टी. सुखदेवभाऊंनी आधी हाताची उलटी बाजू तिच्या अंगाला लावून पाहिली, मग माझ्या हातातला थर्मामीटर काढून घेतला आणि बॅटरी न् भिंत यांच्या बेचक्यात खुपसला. मी "अहो! अहो!" म्हणेपर्यंत पारा सरसर वर गेला, टोकाला टेकला आणि काच टिचली. सारवलेल्या जमिनीवर पाऱ्याचे मणी इकडून तिकडे पळायला लागले.

तो थर्मामीटर सरकारी होता. मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सुखदेवभाऊंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पळणाऱ्या मण्यांकडे बोट दाखवलं.

"पाहा, बाई. पारा चढला का असं होते. थंड्यानं घ्या."

थंड्यानं घ्या. हे त्यांचं पालुपद. गोठ्यात लाथ मारणाऱ्या म्हशीला थंड्यानं घ्या, आसेगावच्या फाट्यावर गाडी न थांबवणाऱ्या एस.टी. ड्रायव्हरला थंड्यानं घ्या, बांधावरून डोकी फोडायला निघालेल्या भाऊबंदांना थंड्यानं घ्या. गावातल्या कुत्र्यांनीसुद्धा हे ऐकलेलं होतं. मला तर त्या दोन शब्दांनीच जास्त राग यायचा.

भाऊ फौजेत वायरलेसवर होते. पेन्शन घेऊन गावी आले, शेत बटाईनं दिलं आणि घरभर तारा पसरून बसले. लग्न केलंच नाही. आजूबाजूच्या गावातले मुके झालेले रेडिओ त्यांच्याकडे यायचे आणि बोलत परत जायचे. एवढ्यावर थांबले असते तर शहाणा माणूस म्हणून नाव झालं असतं. पण त्यांनी बोट केली.

बोट म्हणजे तेलाच्या डब्यांचा पत्रा ठोकून केलेली, पाळण्याएवढी लांब, निळा रंग फासलेली. मंगरूळपीरला भंगारात निघालेल्या एका जीपच्या वायपरची मोटर तिच्या पोटात, शेजारी ही बॅटरी, आणि मागे पाण्यात फिरणारा पितळी पंखा. हिला दोरी नाही, वल्हं नाही. काठावर बसून भाऊंनी रेशनच्या पिशवीतली लाकडी पेटी काढायची, छत्रीच्या काड्या जोडून केलेला एरियल उभा करायचा आणि एक बटण दाबून धरायचं. दाबलं की बोट चाले, सोडलं की थांबे. दुसऱ्या बटणानं सुकाणू वळे. वारा नाही, माणूस नाही आणि पाण्यावर निळी बोट आपली आपण निघालीय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थर्मामीटर विसरले, हे कबूल करायला हवं.

या पेटीचा एक ताप मात्र साऱ्या गल्लीला होता. भाऊंनी बटण दाबलं की जवळपासचे सगळे रेडिओ खरखरायला लागत. संध्याकाळी मी भाताला आधण ठेवून गाणी लावावीत, गाणारणीनं तान घ्यावी, आणि खर्रर्र! "निघाली सुखदेवभाऊची बोट," असं समोरची म्हातारी म्हणे आणि तिचा रेडिओ बंद करी. मी तरातरा तलावावर जाऊन भांडत असे. भांडून झालं की तिथंच बसत असे, कारण तिथं बसायला फार बरं वाटायचं.

तो तलाव नवा होता. दुष्काळात सरकारी कामावर साऱ्या गावानं पाट्या वाहून बांध घातला होता, आणि पुढच्या पावसाळ्यात तो भरला तो भरलाच. आमच्या गावाच्या आणि पल्याडच्या वाडीच्या मध्ये आता पाणीच पाणी. एका बाभळीचा शेंडा तेवढा पाण्यावर राहिला होता, त्याच्यावर बगळे बसायचे. ऊन कललं की पाणी आधी पिवळं, मग जांभळं व्हायचं, आणि बांधापलीकडून कोणाच्या तरी बैलांची घुंगरं ऐकू यायची. अशा वेळी ती निळी बोट बाभळीच्या दिशेनं जाताना पाहिली की आपण जागे आहोत की नाही याचा भरवसा राहत नसे.

पण बाभळीच्या पुढे ती कधी गेली नाही. तिथवर पोचेतो बॅटरी तापायची, वरचं डांबर पाघळायचं, जळका वास पाण्यावरून काठापर्यंत यायचा आणि बोट जिथल्या तिथं थांबायची. भाऊ तरीही बटण दाबतच राहायचे. घट्ट, अंगठा पांढरा पडेपर्यंत. मग ट्रकच्या जुन्या ट्यूबवर पोट टेकून पाण्यात शिरायचे आणि बोट ढकलत परत आणायचे. एवढ्या लांब गेलात तर पल्याडच का जाऊन येत नाही, असं मी एकदा विचारलं.

"बाभळीपावेतो आपलं गाव," ते म्हणाले. "पुढचं नाही."

बॅटरीवर त्यांनी जे जे उपाय केले ते पाहून माझ्यातली नर्स हैराण झाली. पट्ट्या झाल्या. पोतं भिजवून गुंडाळून झालं. एकदा बोटीचं झाकण उघडलं तर आत बॅटरीशेजारी कांदा!

"हा कशाला?"

"ऊन लागलं असन."

आमच्याकडे उन्हात जाताना खिशात कांदा ठेवतात, ते मला माहीत आहे. अकोल्याचीच आहे मी. पण बोटीला? मी पोट धरून हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी कांदा बदलून ताजा ठेवला.

मला आणखी एक गोष्ट खटकायची. बोट सरळ जात नसे. निघाली की थोडी पुढे जाऊन डावीकडे मोठं वळण घ्यायची, मग उजवीकडे, मग कुठं बाभळीकडे. बॅटरी तापते म्हणून रडायचं आणि भर पाण्यात गिरक्या घ्यायच्या!

"सरळ न्या ना," मी म्हटलं. "निम्म्या वेळात पोचेल."

"सरळ कशी नेऊ? तिथंच बोरीचं जाळं हाय."

"कुठं?"

"खाली."

मी पाण्याकडे पाहिलं. पाणीच होतं.

"इथून पल्याडची पायवाट होती, बाई," भाऊ म्हणाले. "बोरीच्या जाळ्याले वळसा घालून जाये. मंग विहीर. मंग थे बाभूळ. काट्यातून कोनी जाते का?"

तो माणूस बुडालेल्या वाटेवरून बोट नेत होता! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी विचारलं, पल्याड कोण आहे?

पल्याड सुभी होती. सुभद्रा, त्यांची धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले, हिला भाऊंनीच वाढवलं. लहानपणी तापात तिचा एक पाय अधू झाला, म्हणून मुद्दाम जवळचं, नजरेसमोरचं घर पाहून दिली. माहेरी आली की संध्याकाळी भाऊ तिला पोचवायला जात. तिचा पाय दुखे, म्हणून विहिरीपाशी बसायचं, बाभळीखाली बसायचं, मग पुढे.

भाऊंनी पहिला रेडिओ स्वतःच्या हातांनी बांधला तो तिच्यासाठी. तिच्या घरी नेऊन लावला, जेवायला बसले. अर्धं जेवण झालं आणि जवाई, म्हणजे सुभीचे यजमान, सहज म्हणाले, "मामा, तुमच्या रेडिओत गाणं कमी अन् खरखर जास्त."

झालं! हे थंड्यानं घ्या म्हणणारे सुखदेवभाऊ अर्ध्या ताटावरून उठले. हात न धुता अंगणात गेले आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "या गावात पुन्हा पाय ठेवला तं नावाचा सुखदेव नाही!"

त्याच वर्षी दुष्काळ पडला, बांध झाला, पाणी आलं आणि वाट बुडाली. आता पल्याड जायचं तर बांधावरून मोठा फेरा. सुभीच्या पायाला तो झेपणारा नव्हता. गाडी जोडून आणायची तर जवाई अडून बसलेले, मामा उठून गेले तर मामांनीच यावं. आणि मामांचा पाय शपथेत अडकलेला.

"जीभ गरम झाली होती, बाई," भाऊ पाण्याकडे पाहत म्हणाले. "बोलून गेलो. आता बोललेलं कसं मोडू? म्हनून बोट केली. बोटीले पाय नसते."

मी तोंडात पदर धरला. हसू आणि रडू एकदमच आलं.

तेवढ्यात माघातलं लग्न ठरल्याची खबर आली. सुभीची मुलगी कुंदा. मामाशिवाय मुलगी बोहल्यावर कशी जाणार? आमच्यात मामाच तिला हाताला धरून आणतो, मामाच पाठीशी उभा राहतो. भाऊ एस.टी.नं रिसोडला गेले आणि भाचीसाठी लाल पातळ घेऊन आले. मेणकापडात बांधलं. ते बोटीत घालून पाठवायचं होतं, मग पल्याडून जे काय उत्तर येईल ते. आणि बोट तर बाभळीपाशी मरत होती. रोज मरत होती. भाऊंचं खाणं सुटलं. रोज संध्याकाळी माझा रेडिओ खरखरायचा, खरखर लांबत जायची, आणि मला कळायचं की आजही ते मेलेल्या बोटीवर अंगठा रोवून बसलेत. मी भांडायला जाणं बंद केलं.

मग ती गोधडीवाली बाई आली.

दवाखान्याच्या ओट्यावर भाऊ माझा रेडिओ उघडून बसले होते. एक बाई तापलेलं लेकरू घेऊन आली. डोक्याला कानटोपी, अंगात दोन झबली, वर गोधडी, गोधडीवर आणखी शाल. आत लेकरू लालबुंद. माझं डोकंच फिरलं.

"भाजतेस का लेकराला? काढ ते सगळं! वारा लागू दे अंगाला. घामानं भिजलंय बिचारं. आणि खेळायला पळू देऊ नकोस. थोडं खेळलं की निजव, थोडं खेळलं की निजव."

बाई गेली. मी वळून पाहिलं तर भाऊंच्या हातातला पेचकस तसाच हवेत.

"मीबी तेच केलं होतं," ते म्हणाले.

"बॅटरीला? दिसतंच आहे ते. ओलं पोतं, वर झाकण..."

"सुभीले."

त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"लहान होतो. माय शेतात गेलती. पोरगी तापानं जळे अन् हुडहुडी भरे. घरातल्या साऱ्या गोधड्या घातल्या तिच्या आंगावर. मंग तिचा पाय गेला."

एवढी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन फिरत होता. फौजेत घेऊन गेला, परत घेऊन आला. मी त्यांच्यासमोर ओट्यावरच बसले. म्हटलं, "भाऊ, नीट ऐका. गोधडीनं ताप वाढतो, पाय जात नाही. पाय नेणारा आजार वेगळाच असतो. तो गोधडी घातली तरी नेतो, नाही घातली तरी नेतो. तुमच्यामुळं काही झालं नाही."

"खरं?"

"मी नर्स आहे की नाही?"

 भाऊंनी उपरण्यानं तोंड पुसलं, अगदी सावकाश, आणि उठले. "मंग बोटीचं झाकण काढतो," म्हणाले. माझा रेडिओ तसाच उघडा टाकून गेले. तो मला पुढे आठवडाभर तसाच ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी काम आटोपून तलावावर गेले. बोटीचं पोतं गेलं होतं, झाकणाच्या जागी पळसाच्या काड्यांचा जाळीदार मांडव होता, वारा आरपार जाईल असा. कांदा मात्र ठेवला होता. "राहू द्या," म्हणाले, "काई खात नाही थो." मेणकापडातलं पातळ त्यांनी नाकाशी ठेवलं आणि बोट सोडली.

निघाली. बोरीच्या जाळ्याला वळसा. आणि विहिरीची जागा आली तशी भाऊंनी बटण सोडलं.

"काय झालं? तापली?"

"नाही. सुभी तिथंच बसे." त्यांनी पेटी मांडीवर ठेवली आणि चक्क तंबाखू चोळायला घेतली. "तुमीच म्हनलं ना, थोडं चालली का निजव."

बोट पाण्यावर हलकी हलकी डुलत उभी होती. मीही बसून राहिले. एक खंड्या येऊन तिच्या नाकावर बसला आणि उडून गेला. मग भाऊंनी बटण दाबलं. बोट पुन्हा निघाली, बाभळीपाशी गेली, बगळे उडाले, आणि ती तिथं थांबली. नेहमीसारखी मेली म्हणून नाही. बसली म्हणून.

भाऊंनी पुन्हा बटण दाबलं. बोट हलली. बाभूळ मागे पडली. जिथवर ती कधीच गेली नव्हती तिथं ती आपली सावकाश, जांभळ्या पाण्यावर रेघ ओढत चालली होती, आणि भाऊ पुटपुटत होते, "थंड्यानं, बाई, थंड्यानं," आणि या वेळी ते दोन शब्द ऐकून मला राग आला नाही.

पल्याडच्या काठावर एक बाई उभी होती. एका पायावर भार देऊन, काठी टेकून. बोट येणार हे हिला कोणी सांगितलं, हे मला कळेना. बोट काठाला लागली तशी ती वाकली, मेणकापड उचललं, छातीशी धरलं. मग घराकडे गेली. चालायला तिला वेळ लागला, यायलाही लागला. परत येऊन तिनं बोटीत फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं आणि काठीनं बोट हलकेच ढकलली.

येतानाही बोट बाभळीपाशी बसली, विहिरीपाशी बसली. भाऊंनी एकदाही घाई केली नाही. काठाला लागल्यावर त्यांनी आधी हाताची उलटी बाजू बॅटरीला लावली. "कोमट," म्हणाले. मग फडक्याची गाठ सोडली.

आत अर्धी भाकर होती. नीट मधोमध मोडलेली. वर मिरचीचा ठेचा.

ताट अर्ध्यावर टाकून उठलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं असतं? भाऊंनी ती भाकर तिथंच, पाण्याकडे तोंड करून खाल्ली. एक कण सांडू दिला नाही. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं असं ते म्हणाले, आणि मी हो म्हटलं.

"बाई," हात धुताना म्हणाले, "बोललो याच तोंडानं होतो. याच तोंडानं गिळलं. आता पाय मोकळे."

लग्नाला मीही गेले. बांधावरून आमची वरात: पुढे नवं धोतर नेसलेले भाऊ, मागे मी. वाडीच्या वेशीवर भाऊ क्षणभर थबकले. खाली पाहिलं. मग उजवा पाय उचलून हळूच पलीकडे ठेवला. समोर जवाई उभे होते. गंभीर, मिशाळ माणूस. आता हे काय बोलतात म्हणून माझा जीव टांगणीला.

"या, मामा," जवाई म्हणाले. "रेडिओ अजून खरखर करूनच राह्यला."

दोघंही एकदम हसले, आणि हसता हसता जवायांनी त्यांचा हात धरून त्यांना मांडवात नेलं. कुंदा लाल पातळ नेसून बोहल्यावर चढली, तेव्हा पाठीशी मामा उभा होता. अक्षता पडताना तो सरळ समोर बघत होता, फौजेत उभा राहिल्यासारखा.

जेवणं झाल्यावर भाऊंनी खिशातून पेचकस काढला. कोनाड्यातला तो जुना रेडिओ मांडीवर घेतला आणि पाठ उघडायला लागले. "एका घडीत खरखर बंद करतो."

सुभी लंगडत पुढे आली आणि तिनं रेडिओ त्यांच्या मांडीवरून उचलून घेतला.

"हात लावू नको, दादा."

"काहून? खरखर आवडते का तुले?"

"हो," सुभी म्हणाली. "गाणी ऐकाले कोन लावते याले? रोज दिवे लागताना खरखर होये, मले समजे, दादा तलावावर आला. आधी नुसती एका दमाची खरखर. म्हनो, याचं डोकं अजून गरमच हाय. मंग त्या दिवशी आली, अन् थांबली. मी चुलीपुढं बसून मोजलं. येवढ्या टायमात विहीर येते. पुन्हा आली, पुन्हा थांबली. बाभूळ." तिनं पदरानं रेडिओवरची धूळ पुसली. "मी काठी घेतली अन् निघाली. म्हनलं, दादा चालत येऊन राह्यला."

 भाऊंनी पेचकस खिशात ठेवला. मग त्यांनी त्याच हाताची उलटी बाजू तिच्या कपाळाला लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"ताप नाही," ते म्हणाले.